रिकाम्या गाडीची रात्रफेरी: पिकअप डिझेलची घ्यावी की पेट्रोलची?

माझ्या मावसभावाचं इंदूरला रामबागेत केटरिंगचं काम आहे. पातेली, भट्ट्या, सिलिंडर, ताटांचे क्रेट असं सगळं घेऊन त्याची पिकअप शहरभर फिरते. गेल्या थंडीत त्याच्याकडे जेवायला गेले होते. साडेदहाला हात धुतले आणि हा चपला घालायला लागला. आता कुठे, विचारलं तर म्हणाला, "ताई, गाडी जरा देवासपर्यंत फिरवून आणतो." गाडी रिकामी होती आणि देवासला त्याचं काही काम नव्हतं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता. वर्कशॉपवाल्याने त्याला सांगून ठेवलेलं, "भिया, दिवा लागला की गाडी उभी ठेवायची नाही, पळवायची." हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका चालीत नेली की दिवा आपला आपण विझतो. महिन्यातून तीनदा तरी ही फेरी व्हायची. खरं तर दिवा अर्ध्या वाटेतच विझायचा, पण मग अर्ध्यावरून परत कशाला फिरायचं, म्हणून हा देवासला चहा पिऊन यायचा. जाऊन-येऊन सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, चार लिटर डिझेल आणि एक कट चहा.

मी हिशेबनीस आहे. इंदूरच्याच सियागंज आणि लोहामंडी या बाजारांतल्या बऱ्याच दुकानांचे जीएसटीचे, आयकराचे कागद माझ्याकडे असतात, म्हणजे त्यांच्या गाड्यांची तेलाची बिलंही माझ्याच फायलीत येतात. वडील पिथमपूरच्या एका कारखान्यात इंजिन तपासणीवर होते, त्यामुळे वरणभाताबरोबर पिस्टनच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. या दोन्ही बाजूंनी बघताना मला वाटतं, डिझेल की पेट्रोल हा प्रश्न लोक चुकीच्या टोकाने धरतात. भाव विचारण्याआधी आपली गाडी दिवसभर नेमकं काय करते ते कागदावर लिहून काढावं. रोज किती किलोमीटर, किती वजन, आणि एकदा तापलेलं इंजिन सलग किती वेळ चालतं. पहिल्या दोन गोष्टी सगळेच विचारतात. तिसरी कोणी विचारत नाही, आणि भावाचा घोटाळा तिथेच झाला.

गाडी घेताना त्याने मला विचारलं नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. विचारलं असतं तर तेव्हा मीही डिझेलच घे म्हटलं असतं.

"डिझेल स्वस्त" हे आलं कुठून

कामाची गाडी म्हणजे डिझेलची, हे आपल्या डोक्यात उगाच बसलेलं नाही. विहिरीवरचं इंजिन डिझेलचं, ट्रॅक्टर डिझेलचा, ट्रक आणि एसटी डिझेलची. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली, तेव्हापासून शेताच्या बांधावर तोच ठोका ऐकू येतो. शेतकरी आणि मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवून सरकारही डिझेलचा भाव बांधून ठेवायचं. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये बाजारावर सोडला, पण डिझेल धरून ठेवलं. त्यामुळे मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं, तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. बत्तीस रुपयांचा फरक! त्या दिवसांत डिझेल गाडी घेणाऱ्याला हिशेब करायची गरजच नव्हती.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही मोकळा झाला आणि ही दरी बुजत गेली. मध्य प्रदेशात पेट्रोलवरचा व्हॅट डिझेलपेक्षा जास्त आहे, म्हणून इथे अजून थोडी फट उरली आहे. इथून पुढच्या हिशेबाला मी इंदूरचे गोल आकडे धरते: पेट्रोल १०७, डिझेल ९२. म्हणजे २०१२ मध्ये डिझेलचा लिटर पेट्रोलच्या ५६ टक्क्यांत मिळत होता, आता ८६ टक्क्यांत मिळतो.

हा बराचसा सरकारी भाव आणि करांचा खेळ आहे, हे अमेरिकेकडे पाहिलं की लगेच कळतं. तिथे केंद्र सरकारचा कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे. पंपावरही डिझेल बहुतेक वेळा महागच असतं. त्यामुळे तिथले सुतार, प्लंबर, रंगारी बिनदिक्कत पेट्रोलच्या पिकअप वापरतात. (तिकडे पेट्रोलला "गॅस" म्हणतात, आपल्या सीएनजीशी गल्लत करू नये.) डिझेलसाठी जादा पैसे मोजतात ते घोड्यांचे किंवा जेसीबीचे ट्रेलर ओढणारे. १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन मिळायला लागलं, तेही याच गिऱ्हाइकासाठी. म्हणजे तिथे डिझेल ओढण्यासाठी घेतात आणि आपल्याकडे वाचवण्यासाठी. इंजिन तेच, कारण वेगळं.

आग लागते कशी

सिलिंडर, पिस्टन, चार स्ट्रोक हे दोन्हीकडे सारखंच. वेगळं आहे ते पेटवण्याचं तंत्र. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण दहा-अकरा पट दाबतात आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवतात. त्याहून फार जास्त दाबलं तर ते ठिणगीची वाट न बघता आपणच भडकतं आणि इंजिनातून टकटक ऐकू येते. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबतात, १५ ते १८ पट. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तेच इथे इतकं होतं की हवा ५०० अंशांच्या पुढे जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ठिणगीवाचून जाळ होतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला हे यंत्र चालवून दाखवलं, तेव्हा त्याने उष्णतेतला सुमारे २६ टक्के भाग कामाला लावला. त्या वेळची वाफेची यंत्रं याच्या आसपासही नव्हती.

जास्त दाबलं की त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं, हा डिझेलचा पहिला फायदा. दुसरा कमी लोकांना ठाऊक असतो. पेट्रोल इंजिनाला ताकद कमी हवी असली की थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, आवळून त्याचा श्वास अडवावा लागतो, आणि अडवलेल्या नळीतून हवा ओढताना इंजिन स्वतःशीच झगडत राहतं. डिझेल इंजिन पूर्ण श्वास घेतं, फक्त फवारा कमी करतं. म्हणून अर्ध्या भाराने चालताना किंवा उभ्या-उभ्या चालू असताना डिझेल पेट्रोलच्या मानाने फारच कमी पितं.

तिसरा फायदा इंजिनाचा नसून मापाचा आहे. तेल आपण लिटरवर घेतो, पण जळतं ते वजन. लिटरभर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम भरतं, पेट्रोल साडेसातशेच्या आत. त्यामुळे लिटरमागे डिझेलमध्ये दहा-बारा टक्के उष्णता जास्त असते. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी उष्णता. म्हणजे तसलं पेट्रोल शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के हलकं पडतं. अॅव्हरेज नक्की किती उतरेल हे इंजिनावर अवलंबून आहे, पण जी उष्णता टाकीत पडलीच नाही ती चाकापर्यंत पोचणार कशी?

हे सगळं मिळून एकाच वजनाच्या गाड्यांत डिझेल लिटरमागे पंचवीस-तीस टक्के जास्त किलोमीटर देतं. इथवर पारडं सरळ डिझेलचं.

घोडे किती, ओढ किती

शोरूममधल्या पत्रकात दोन आकडे असतात, अश्वशक्ती आणि टॉर्क. गंजलेला नट सुटत नाही तेव्हा मेकॅनिक पान्याला पाइप जोडतो आणि लांबून जोर लावतो. तो पिळण्याचा जोर म्हणजे टॉर्क. तोच जोर मिनिटाला किती फेरे लावता, त्यातून अश्वशक्ती ठरते.

आता दोन खऱ्या गाड्या घेऊ. मारुतीच्या पेट्रोल सुपर कॅरीत सुमारे ८० अश्वशक्ती आहे, ६००० फेऱ्यांवर. महिंद्राच्या डिझेल बोलेरो पिकअपमध्ये ७५, ३२०० फेऱ्यांवर. कागदावर छोटी गाडी जोरकस! पण छोटीचा टॉर्क १०४ न्यूटन मीटर आणि तो २९०० फेऱ्यांवर, तर बोलेरोचा २०० च्या आसपास आणि तो १४०० पासूनच हाताशी. गुणाकार करून बघा. बोलेरो दीड हजार फेऱ्यांवर जी ४२ अश्वशक्ती देते, तीच द्यायला छोट्या गाडीच्या इंजिनाला जवळजवळ तीन हजार फेरे मारावे लागतात. म्हणून भरलेली डिझेल गाडी सिग्नलवरून क्लच सोडताच निघते आणि पेट्रोलवाल्याला आधी अॅक्सिलरेटर दाबून इंजिन ओरडवावं लागतं. दिवसातून दोनशे वेळा असं करायचं असेल तर ड्रायव्हरच्या पायाला आणि क्लच प्लेटला ते कळतं.

पण "पेट्रोल घाट चढत नाही" हे मात्र खरं नाही. गाडी आणि माल मिळून तीन टन, चढ शंभराला सहा, वेग ताशी ३० असं धरलं तर लागते ती साधारण २४-२५ अश्वशक्ती. ती पेट्रोल गाडीकडेही असते. गिअर एक-दोन खाली घ्यायचा, इंजिन ओरडू द्यायचं, चढते. प्रश्न रोजचा आहे. बऱ्हाणपूरची केळी भेरूघाटातून आठवड्यातून पाच वेळा आणायची असतील तर कमी फेऱ्यांवर निवांत ओढणारं इंजिन जास्त टिकतं आणि कमी पितं. वर्षातून दोनदा ओंकारेश्वरला सामान न्यायचं असेल तर तेवढ्यासाठी डिझेल घेणं म्हणजे एका लग्नासाठी हंडा विकत घेण्यासारखं.

उतरताना एक गैरसमज जिवावर बेततो. डिझेल गाडी गिअरवर जास्त आवळते असं पुष्कळ ड्रायव्हर छातीठोक सांगतात. डिझेलमध्ये दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते, आणि श्वास अडवायला थ्रॉटल नसतं. त्यामुळे धुराची वाट अडवून गाडी आवळणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक नसेल तर नुसत्या इंजिनाची आवळ पेट्रोलपेक्षा कमीच असते. गाडी धरून ठेवतो तो खालचा गिअर. धामणोदकडे उतरणाऱ्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन किती गाड्या गेल्या हे माळव्यात कोणाला सांगायला नको. तिथे इंधन कोणतं हे विसरा आणि चढताना जो गिअर लागला असता त्यातच उतरा.

पिवळ्या दिव्याची गोष्ट

आता तो दिवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा नियम लागू झाले. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं, आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला. वर्कशॉपमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखी भोकंभोकं असलेला सिरॅमिकचा ठोकळा, धूर त्याच्या भिंतींतून गाळून जातो आणि काजळी आत राहते. पूर्वीच्या डिझेल गाडीमागे स्कूटर चालवून ज्यांनी नाकावर पदर धरला आहे, त्यांना हे काय वरदान आहे ते सांगायला नको.

फक्त अडवलेल्या काजळीचं पुढे काय? कंदिलाची काच आपण राखेने घासायचो. इथे ती काजळी जाळूनच संपवावी लागते. गाडी हायवेवर भरलेली पळत असेल तर धूरच एवढा गरम असतो की ती थोडी-थोडी आपोआप जळत राहते. शहरात चार-पाच किलोमीटर चाललं, बंद केलं, परत चाललं, असं असेल तर धूर थंडच राहतो आणि काजळी साचत जाते. ठरावीक पातळी आली की गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो की आता भट्टी लावायची. तो उशिराने जादा डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या घरात तापवतो आणि सगळी काजळी जाळतो. याला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. मधेच तुम्ही पलासियाला पोचलात आणि चावी फिरवलीत तर भट्टी अर्धवट विझते. दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न, परत अर्धवट. मग दिवा.

भावाची गाडी हेच करत होती. रामबागेतून राजवाडा, तिथून विजयनगर, मग हॉलच्या मागच्या दारी चार तास उभी. दिवसाला ३५ किलोमीटर, आणि त्यातही सलग दहा मिनिटं एका वेगाने कधीच नाही.

अर्धवट भट्ट्यांचा दुसरा फटका लपलेला असतो. ते जादा सोडलेलं डिझेल सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. ऑइल पातळ झालंय, आणि त्यावर बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) दोन्ही चालतात. दिव्याकडे फारच दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कापून टाकते आणि रांगत वर्कशॉपला जावं लागतं. तिथे मशीन लावून काजळी जाळतात, आणि तेही जमलं नाही तर नवा फिल्टर. त्याची किंमत ऐकून माणूस तिथल्या स्टुलावर बसतो. कोणीतरी कानात सांगतंच, फिल्टर काढून साधा पाइप टाकू. ते कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते आणि फिटनेसला अडकलात तर सगळं परत बसवावं लागतं.

काही डिझेल गाड्यांना शिवाय धूर साफ करायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. शेतातली गोणी फोडून बादलीत ढवळलेला युरिया चालत नाही. हे लिहावं लागतंय म्हणजे कोणीतरी केलेलं असणारच, हे ओळखा.

पेट्रोल इंजिनाचा धूर मुळातच जास्त गरम असतो, काजळी कमी, आणि त्याचा कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर साफ करणारा डबा, काही मिनिटांत तापून कामाला लागतो. तुकड्या-तुकड्यांत चालणं त्याला डिझेलइतकं बाधत नाही. बीएस-सहानंतर छोट्या गाड्यांत पेट्रोल परत आलं त्याचं मोठं कारण हेच. डिझेल स्वच्छ करायला लागणारी ही सगळी भांडी छोट्या, स्वस्त गाडीवर लादली की तिची किंमत बिघडते. टाटाने २००५ मध्ये छोटा हत्ती (टाटा एस) आणला तो ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेलवर, आज तोच पेट्रोलमध्येही मिळतो. मारुतीने तर २०२० मध्ये डिझेलचा नादच सोडला.

माझ्या वहीतला हिशेब

आता रुपये. टनभर माल नेणाऱ्या वर्गातली गाडी धरू, कागदावर मंजूर आहे तेवढाच माल. पेट्रोल लिटरला १४, डिझेल १८. म्हणजे किलोमीटरला पेट्रोल ७ रुपये ६४ पैसे आणि डिझेल ५ रुपये ११ पैसे. फरक अडीच रुपयांचा. याच अॅव्हरेजवर २०१२ चे दिल्लीचे भाव टाकले तर पेट्रोलच्या रुपयाला डिझेलचे ४४ पैसे पडत होते. आता ६७ पडतात.

डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग आहे असं धरा. हे सव्वा लाख कर्जातूनच येतात, कारण रोख कोण देतो? दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला २,६५६ रुपये. आता रोज ४० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,०४० किलोमीटर. तेलातली बचत २,६३३ रुपये. बघा, हप्ता आणि बचत जवळजवळ एकाला एक! पण डिझेलचं ऑइल, फिल्टर, इंजेक्टर, टर्बो यांची जादा देखभाल किलोमीटरला पन्नास पैसे तरी धरायला हवी. मग खरी बचत दोन रुपयांवर येते आणि हप्ता भरून निघायला रोज ५० किलोमीटर चालावं लागतं. शंभर चाललात तर हप्ता भरून महिन्याला अडीच हजारांच्या वर उरतात. तीस चाललात तर महिन्याला हजाराच्या वर खिशातून जातात, देवासचा चहा वेगळा.

हे आकडे माझ्या गृहीतांवरचे आहेत. आपल्या गाडीचं अॅव्हरेज कंपनीच्या पत्रकातून घेऊ नका. टाकी फुल करा, आठवडाभर नेहमीसारखी चालवा, परत फुल करा आणि भागाकार करा. गाडीच्या किमतींतला फरकही ऑन-रोड घ्या.

जीएसटीवाल्यांसाठी एक ओळ, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी तिन्ही जीएसटीबाहेर आहेत, त्यामुळे तेलाच्या बिलावर क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. मालवाहू गाडीच्या खरेदीवर मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मात्र केटरिंगवर ५ टक्के लावणाऱ्याला क्रेडिटच नाही, म्हणून भावाला महाग गाडीवरचा कर पूर्ण अंगावर बसला.

मग कोणी काय घ्यावं

सियागंजातून धार, खरगोन, झाबुआकडे किराणा नेणाऱ्याने डिझेल घ्यावं, यात मला शंका नाही. लांबचा पल्ला, भरलेली गाडी, गरम इंजिन. फिल्टरचा दिवा त्याने कदाचित कधी बघितलाही नसेल. विकतानाही खेड्यापाड्यांत डिझेल पिकअपला गिऱ्हाईक पटकन मिळतं, कारण तिथे ट्रॅक्टर डिझेलचा आणि मिस्त्रीही डिझेलचा. सांवेर रोडच्या कारखान्यातून पिथमपूरला दिवसातून दोन खेपा करणाऱ्याचंही तसंच.

एसी दुरुस्ती, दुधाचे कॅन, बेकरी, टेंट हाऊस, केटरिंग ही कामं शहरातली. चाल थोडी, थांबणं जास्त, आणि गाडी निम्मा वेळ अर्धी रिकामी. इथे पेट्रोल. किंवा त्याहून बरं, सीएनजी. इंदूरला अवंतिका गॅसचे पंप आहेत. सीएनजी किलोवर मिळतो आणि एका किलोत पेट्रोलच्या जवळजवळ दीड लिटरची उष्णता असते. म्हणजे पेट्रोलवर १४ देणारी गाडी किलोला वीसच्या आसपास देईल. आजच्या भावाला वीसने भागा आणि वरच्या ५ रुपये ११ पैशांशी ताडून बघा. तोटे दोन. सिलिंडरचं वजन मालातून वजा होतं: सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते, सीएनजीची ६२५. आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. चढावर ताकदही थोडी कमी पडते, पण राजवाड्याला कुठला घाट?

विजेच्या गाड्यांवर वेगळं लिहायला हवं, इथे घुसडत नाही.

डिझेल घेतलंच असेल तर दोन-तीन गोष्टी पाळा. पावसाळ्यात डिझेल गाळणाऱ्या फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी काढून टाकत जा. आजच्या इंजिनातल्या डिझेल पंपाचा दाब हजार बारच्या खूप वर असतो आणि फवारा मारणाऱ्या इंजेक्टरमधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यात पाण्याचा थेंब म्हणजे पाच आकडी बिल. ऑइल कमी राखेचंच घाला, साधं घातलं तर त्याची राख काजळीच्या फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही. घाट चढून आलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर चालू ठेवा, टर्बोला ऑइल मिळू द्या. आणि पंपावर पोऱ्याने चुकून पेट्रोल टाकलं तर इंजिन सुरू करू नका. ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करवून घ्या. डिझेल हेच इंजिनातल्या पंपाचं वंगण असतं, पेट्रोल ते धुऊन काढतं.

भावाने पिकअप विकली नाही. विकायला गेला असता तर सव्वा लाखाच्या वर घाटा होता. चोइथराम मंडीत त्याचा एक मित्र फळांचा आडत्या आहे. ठरलं असं की आठवड्यातून दोनदा पिकअप केळी आणायला बऱ्हाणपूरला जाईल आणि भावाला भाडं मिळेल. केटरिंगसाठी त्याने एक जुनी पेट्रोलची छोटी गाडी घेतली आहे, सामान दोन फेऱ्यांत जातं. लग्नाच्या तारखांच्या डायरीत आता "दिवा" असा एक रकाना आहे, मीच आखून दिलेला. मार्चपासून त्यात एकच फुली पडली आहे. ती अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यातली, त्या आठवड्यात सात लग्नं होती आणि बऱ्हाणपूरची एकही फेरी झाली नव्हती.